हात बांधलेले सरकार : १७८१ ते १७८९ ची अमेरिका

२१ जून १७८३ रोजी फिलाडेल्फियातल्या स्टेट हाऊसला सुमारे ४०० सैनिकांनी वेढा घातला. सात वर्षांपूर्वी अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा याच इमारतीत मंजूर झाला होता. सैनिक शत्रूचे नव्हते. ज्या फौजेने ब्रिटिशांना नमवले, त्याच फौजेतली ही माणसे होती. त्यांचा पगार थकला होता आणि हिशेब न चुकवताच त्यांना घरी धाडण्याची तयारी चालू होती. त्यांचे गाऱ्हाणे मुख्यतः त्याच इमारतीत बसणाऱ्या पेनसिल्व्हेनिया राज्याच्या कार्यकारी मंडळापुढे होते. पण आत देशाची काँग्रेसही भरली होती. काँग्रेसने राज्याला विनवले, ‘तुमचे नागरी सैन्य बोलवा आणि आमचे रक्षण करा.’ राज्याचे प्रमुख जॉन डिकिन्सन यांनी नकार दिला. आपले लोक या सैनिकांवर हत्यार उचलतील, याचा त्यांना भरवसा नव्हता.

दुपारी सदस्य सैनिकांच्या गराड्यातून बाहेर पडले. कोणाला इजा झाली नाही. काही दिवसांतच काँग्रेसने फिलाडेल्फिया सोडले आणि न्यू जर्सीतल्या प्रिन्स्टन या छोट्या गावी बस्तान हलवले. तिथून ती ॲनापोलिसला गेली, मग ट्रेंटनला आणि १७८५ च्या जानेवारीत न्यू यॉर्कला. जगातल्या सर्वांत बलाढ्य साम्राज्याशी लढून जिंकलेल्या देशाच्या मध्यवर्ती सरकारला बसायला हक्काची जागा नव्हती आणि दारावर उभा करायला स्वतःचा पहारेकरी नव्हता.

हे सरकार ज्या करारावर उभे होते, त्याचा पहिला मसुदा जुलै १७७६ मध्ये ज्या समितीने मांडला, तिच्यासाठी तो लिहिणारे गृहस्थ होते हेच जॉन डिकिन्सन.

भीतीतून घडलेला करार

‘आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन’ या नावाने ओळखला जाणारा हा करार काँग्रेसने १५ नोव्हेंबर १७७७ रोजी संमत केला. फिलाडेल्फिया तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात गेले होते आणि काँग्रेसने पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्क गावी आसरा घेतला होता. लढाई ऐन भरात असताना तेरा वसाहती एकत्र बसून राज्यकारभाराची चौकट ठरवत होत्या. त्यांच्या मनात सर्वांत मोठी धास्ती दूर बसलेल्या सत्तेची होती. लंडनच्या पार्लमेंटमध्ये त्यांचा एकही प्रतिनिधी नसताना तिने त्यांच्यावर कर लादले, त्यांच्या गावांत फौज ठेवली, त्यांचा व्यापार जखडला. ती सत्ता उलथवून तशीच दुसरी सत्ता आपल्या अंगणात बसवायला कोणीही तयार नव्हते.

म्हणून करारातल्या दुसऱ्या कलमातच लिहिले गेले की प्रत्येक राज्याचे सार्वभौमत्व आणि स्वातंत्र्य अबाधित राहील. तिसऱ्या कलमात या संघाचे वर्णन राज्यांमधला मैत्रीचा पक्का करार असे होते. युद्ध आणि शांतता, परराष्ट्रांशी तह, टपाल, नाण्यांचा कस आणि मूळ रहिवासी जमातींशी व्यवहार एवढी कामे काँग्रेसकडे आली. कर बसवण्याचा अधिकार आला नाही. राज्याराज्यांतल्या आणि परदेशांशी चालणाऱ्या व्यापाराचे नियमन आले नाही. अंमलबजावणी करणारा प्रमुख नव्हता. कायमचे न्यायालयही नव्हते. दोन राज्यांत तंटा झाला तर तेवढ्यापुरते पंच नेमण्याची सोय होती.

मते मोजण्याची पद्धत राज्यनिहाय होती. १७९० च्या पहिल्या जनगणनेत व्हर्जिनियाची लोकसंख्या, गुलामांसह, सुमारे ७.५ लाख भरली आणि डेलावेअरची ६० हजारांच्या आत. काँग्रेसमध्ये मात्र दोघांनाही एकेकच मत. महत्त्वाच्या निर्णयाला १३ पैकी ९ राज्यांची संमती लागे आणि करारातला शब्द बदलायचा तर तेराच्या तेरा राज्यांची.

मंजुरीलाच सव्वातीन वर्षे गेली. व्हर्जिनियासारखी राज्ये पश्चिमेकडच्या अफाट जमिनीवर हक्क सांगत होती. मेरीलँडकडे असा हक्क नव्हता. या जमिनी सर्वांच्या मालकीच्या झाल्याशिवाय आपण सही करणार नाही, असा मेरीलँडने हट्ट धरला. व्हर्जिनियाने आपला हक्क सोडण्याची तयारी दाखवल्यावर १ मार्च १७८१ रोजी मेरीलँडची सही झाली आणि करार अमलात आला.

मागितलेला पैसा, न आलेला पैसा

काँग्रेसला पैसा हवा असेल तर एकच मार्ग होता : राज्यांच्या नावे मागणीपत्रे काढायची आणि वाट पाहायची. प्रत्येक राज्याचा हिस्सा ठरलेला असे, पण तो न भरणाऱ्याचे काय करायचे, याबद्दल करार गप्प होता. शेजारचे राज्य भरत नाही तर आपण का भरावे, हा विचार मग तेराही राज्यांत शिरला.

त्याआधी युद्धाचा खर्च कागदी नोटा छापून भागवला गेला होता. नोटा इतक्या निघाल्या की मार्च १७८० मध्ये काँग्रेसलाच ४० कागदी डॉलरला एक चांदीचा डॉलर असा भाव मान्य करावा लागला. १७८१ मध्ये खजिन्याचा कारभार फिलाडेल्फियातले धनाढ्य व्यापारी रॉबर्ट मॉरिस यांच्या हाती आला. १७८२ सालासाठी राज्यांकडे ८० लाख डॉलर मागण्यात आले. ते वर्ष उलटले तेव्हा ५ लाखही जमले नव्हते. सैनिकांना निरोप देताना हाती काही तरी पडावे म्हणून मॉरिस यांनी स्वतःच्या पतीवर हुंड्या काढल्या. देशाच्या सहीपेक्षा एका व्यापाऱ्याच्या सहीला बाजारात जास्त किंमत होती.

मॉरिस यांना दुखणे नेमके कळले होते. राज्यांच्या मर्जीवर न अवलंबणारे उत्पन्न हाती आल्याशिवाय सरकार तगणार नव्हते. १७८१ मध्ये काँग्रेसने बंदरात उतरणाऱ्या परदेशी मालावर ५ टक्के आयात शुल्क घेण्याची परवानगी राज्यांकडे मागितली. ही करारातली दुरुस्ती, म्हणजे तेरा होकार हवेत. बारा राज्यांनी होकार दिला. ऱ्होड आयलंडने नोव्हेंबर १७८२ मध्ये नकार कळवला. हे राज्य अगदी चिमुकले, समुद्री व्यापारावर जगणारे. आपल्या बंदरात आपल्याला न जुमानणारे बाहेरचे अधिकारी येऊन कर गोळा करणार, ही कल्पनाच तिथल्या विधिमंडळाला ब्रिटिश अमदानीची आठवण करून देणारी होती. पाठोपाठ व्हर्जिनियानेही दिलेला होकार मागे घेतला. १७८३ मध्ये काँग्रेसने हाच प्रस्ताव मवाळ करून पुन्हा मांडला. या वेळी न्यू यॉर्क आडवे आले. न्यू यॉर्क बंदराचे उत्पन्न राज्याच्या तिजोरीला पोसत होते आणि त्या बंदरातून जाणाऱ्या मालावर कनेक्टिकट आणि न्यू जर्सीचे लोकही नकळत कर भरत होते.

न्यू जर्सीने चिडून फेब्रुवारी १७८६ मध्ये जाहीर केले की न्यू यॉर्क वठणीवर येईपर्यंत आम्ही काँग्रेसला छदामही देणार नाही. काँग्रेसने आपले तीन सदस्य समजूत घालायला पाठवले. त्या राज्याने ठराव मागे घेतला, पण पैसे काही धाडले नाहीत. ऑगस्ट १७८६ मध्ये काँग्रेसने राज्यांकडे सुमारे ३८ लाख डॉलर मागितले. पुढच्या काही महिन्यांत आले ६६३ डॉलर. फ्रान्सच्या कर्जावरचे व्याज १७८५ पासूनच थकले होते. ज्या फ्रान्सच्या आरमाराने आणि पैशाने स्वातंत्र्याची लढाई तारली, त्याच्याच दारात अमेरिका बुडीत कुळ ठरली.

नऊ राज्यांची वाट पाहताना

स्वातंत्र्यावर शिक्कामोर्तब करणारा पॅरिसचा तह ३ सप्टेंबर १७८३ रोजी झाला. सहा महिन्यांच्या आत दोन्ही देशांनी त्याला मंजुरी द्यायची होती आणि त्यासाठी अमेरिकेच्या बाजूने ९ राज्यांचे प्रतिनिधी हजर असणे जरूर होते. डिसेंबरमध्ये जॉर्ज वॉशिंग्टन यांनी ॲनापोलिसला येऊन सरसेनापतिपदाचा राजीनामा दिला, त्या ऐतिहासिक दिवशीही काँग्रेसमध्ये फक्त ७ राज्ये होती. दिवस सरत चालले. अखेर कनेक्टिकटचे प्रतिनिधी पोचले, दक्षिण कॅरोलिनाचे रिचर्ड बेरेसफर्ड आजारपणातून उठून आले आणि १४ जानेवारी १७८४ रोजी नऊचा आकडा भरला. मंजुरीची प्रत बर्फ आणि वादळे ओलांडून मुदत संपल्यावर युरोपात पोचली. ब्रिटनने हरकत घेतली नाही म्हणून तह टिकला.

माणसे येत का नसत? काँग्रेसच्या सदस्याचा पगार आणि खर्च त्याचे राज्य देई. कोणत्याही राज्याचे मत धरले जायचे तर किमान दोन सदस्य हजर हवेत. बरीच राज्ये खर्च वाचवायला एकालाच पाठवत किंवा कोणालाच नाही. कोणालाही सहा वर्षांत तीनपेक्षा जास्त वर्षे सदस्य राहता येत नसे, त्यामुळे कामाची माहिती झालेला माणूस निघून जाई. कर्तबगार लोकांना राज्याच्या विधिमंडळात जास्त मान आणि जास्त काम मिळे. नोव्हेंबर १७८५ मध्ये जॉन हॅनकॉक यांची काँग्रेसच्या अध्यक्षपदी निवड झाली. आजारपणामुळे ते एकदाही आले नाहीत आणि पुढच्या वर्षी त्यांनी राजीनामा पाठवला. या सगळ्या काळात सातत्य राखणारा एकच माणूस होता, काँग्रेसचे सचिव चार्ल्स थॉमसन. १७७४ ते १७८९ अशी १५ वर्षे ते एकाच पदावर होते.

परक्यांच्या नजरेत

पॅरिसच्या तहात ब्रिटनने पश्चिमेचे किल्ले सोडायचे कबूल केले होते. डेट्रॉईट, नायगारा, ऑस्वेगो या ठाण्यांवर मात्र ब्रिटिश फौज बसूनच राहिली. त्यांचे कारण सरळ होते : अमेरिकेने तरी आपली कलमे कुठे पाळली? ब्रिटिश सावकारांना जुनी कर्जे वसूल करू देण्याचे वचन काँग्रेसने तहात दिले होते, पण न्यायालये राज्यांची आणि कायदेही राज्यांचे. कित्येक राज्यांनी ही वसुली अडवून धरली. काँग्रेसला राज्यांना खडसावता येईना आणि किल्ले रिकामे करायला फौजही नव्हती. जून १७८४ मध्ये काँग्रेसने जुन्या फौजेतली फक्त ८० माणसे ठेवली, २५ पिट किल्ल्यावर आणि ५५ वेस्ट पॉइंटला. दुसऱ्याच दिवशी सीमेच्या रक्षणासाठी चार राज्यांकडे ७०० माणसे मागावी लागली.

समुद्रावर हाल आणखी वाईट होते. १७८३ मध्ये ब्रिटनने आपल्या वेस्ट इंडीजची बंदरे अमेरिकन जहाजांना बंद केली. न्यू इंग्लंडच्या कोळ्यांचा आणि जहाजवाल्यांचा जुना व्यापार बसला. उत्तर म्हणून सर्व तेरा राज्यांनी ब्रिटिश जहाजांवर सारखेच निर्बंध घातले असते तर लंडनला विचार करावा लागला असता. पण एका राज्याने निर्बंध घातले की माल शेजारच्या राज्याच्या बंदरात उतरे. जॉन ॲडम्स १७८५ पासून लंडनमध्ये अमेरिकेचे वकील होते. व्यापारी तहाची त्यांची खटपट फुकट गेली, कारण काँग्रेसशी केलेला करार तेरा राज्ये पाळतील, यावर तिथे कोणाचा विश्वास नव्हता.

१७८५ मध्ये अमेरिकन आरमाराचे शेवटचे जहाज, ‘अलायन्स’, पैशाअभावी विकले गेले. त्याच उन्हाळ्यात अल्जिअर्सच्या चाच्यांनी ‘मारिया’ आणि ‘डॉफिन’ ही दोन अमेरिकन व्यापारी जहाजे पकडली आणि २१ जणांना गुलामीत नेले. खंडणी द्यायला काँग्रेसकडे पैसा नव्हता आणि दरारा बसवायला जहाज नव्हते. हे कैदी ११ वर्षे तिथे खितपत पडले. १७९६ मध्ये सुटका झाली तोवर त्यांतले कित्येक दगावले होते. दुबळ्या सरकारची किंमत कोण मोजतो, याचे हे सर्वांत जळजळीत उदाहरण आहे.

दक्षिणेला स्पेनने १७८४ मध्ये मिसिसिपी नदीच्या मुखातून होणारी अमेरिकन वाहतूक बंद केली. केंटकी आणि टेनेसीच्या शेतकऱ्यांना माल बाहेर काढायला तोच रस्ता होता. परराष्ट्र सचिव जॉन जे यांनी स्पेनशी व्यापारी सवलतींच्या बदल्यात या नदीवरचा आग्रह काही दशके सोडून देण्याची तडजोड सुचवली. १७८६ मध्ये उत्तरेची ७ राज्ये तिच्या बाजूने उभी राहिली आणि दक्षिणेची ५ विरोधात. नऊ मते नसल्याने तह बारगळला, पण उत्तर आणि दक्षिण यांच्यातला अविश्वास उघडा पडला.

शेतकऱ्यांचे बंड

या सगळ्यात सामान्य माणूस भरडला गेला, तो सर्वांत जास्त मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागात. युद्धकाळातले कर्जरोखे बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी आणि सटोडियांनी स्वस्तात विकत घेतले होते. त्यांची फेड करण्यासाठी राज्याने जबर कर बसवले आणि ते सोन्या-चांदीच्या नाण्यांत मागितले. खेड्यांत नाणे औषधाला नव्हते. जमिनींवर जप्ती येऊ लागली, जनावरे लिलावात निघाली आणि कर्जापायी माणसे तुरुंगात गेली. त्यांत युद्धात लढलेले आणि थकलेला पगार न मिळालेले सैनिकही होते.

ऑगस्ट १७८६ च्या अखेरीस शेतकऱ्यांच्या जमावाने नॉर्थॅम्प्टनचे न्यायालय भरू दिले नाही. न्यायालय बसले नाही तर जप्तीचे हुकूम निघणार नाहीत, हा त्यामागचा साधा हिशेब होता. युद्धात कॅप्टन राहिलेले डॅनियल शेज यांच्या नावाने हे बंड पुढे ओळखले गेले. काँग्रेसने ऑक्टोबरमध्ये १,३४० माणसे उभी करायचा ठराव केला. खरे कारण उघड करायला नको म्हणून ही भरती मूळ रहिवाशांशी होणाऱ्या लढाईसाठी आहे, असे सांगितले गेले. पण भरतीला पैसे देणार कोण? राज्यांकडून जवळजवळ काहीच आले नाही. शेवटी बॉस्टनच्या श्रीमंतांनी वर्गणी काढली आणि त्या पैशावर राज्याने फौज उभी केली. २५ जानेवारी १७८७ रोजी बंडखोर स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेले. शस्त्रागार देशाच्या मालकीचे, राखणारे शिपाई मात्र राज्याचे. तोफा डागल्या गेल्या, ४ बंडखोर ठार झाले आणि बाकीचे पांगले.

या बातमीने देशभरातल्या मालमत्तादारांच्या काळजात धस्स झाले. शेतकऱ्यांची तक्रार न्याय्य होती, हे मात्र त्यांच्यातल्या फार थोड्यांनी ओळखले.

या सरकारने काय कमावले

एवढे सगळे सांगितल्यावर या सरकारच्या जमेची बाजू न सांगणे अन्यायाचे होईल. पश्चिमेच्या जमिनी सर्वांच्या मालकीच्या करून घेणे, ही त्याची मोठी कामगिरी. १७८५ च्या कायद्याने त्या जमिनीची मोजणी सहा मैल लांब-रुंद चौकोनांत सुरू झाली. प्रत्येक चौकोनाचे ३६ भाग आणि त्यांतला १६ वा भाग गावच्या शाळेसाठी राखीव. १३ जुलै १७८७ च्या नॉर्थवेस्ट कायद्याने ओहायो नदीच्या उत्तरेला गुलामगिरीला बंदी केली आणि तिथे वसणाऱ्या नव्या प्रदेशांना जुन्या राज्यांच्या बरोबरीचा दर्जा मिळण्याची वाट आखून दिली. ओहायो, इंडियाना, इलिनॉय, मिशिगन आणि विस्कॉन्सिन ही राज्ये त्यातून उभी राहिली. ज्या मूळ रहिवाशांची ती भूमी होती, त्यांना मात्र या वाटेवर जागा नव्हती.

फिलाडेल्फियाकडे

सप्टेंबर १७८६ मध्ये व्यापाराच्या अडचणी सोडवायला ॲनापोलिसला बैठक बोलावली गेली. ५ राज्यांचे १२ प्रतिनिधी आले. एवढ्यांनी काय ठरवायचे? पण अलेक्झांडर हॅमिल्टन यांनी तिथूनच सर्व राज्यांना पत्र धाडले : पुढच्या मे महिन्यात फिलाडेल्फियाला या, सगळ्याच दोषांचा विचार करू.

व्हर्जिनियाचे जेम्स मॅडिसन तयारीला लागले. थॉमस जेफरसन यांनी पॅरिसहून पाठवलेली पुस्तके घेऊन ते प्राचीन ग्रीक संघांपासून स्वित्झर्लंड आणि हॉलंडपर्यंतच्या राज्यसंघांचा अभ्यास करत बसले. त्यांचा निष्कर्ष मुळावर घाव घालणारा होता. मध्यवर्ती सरकारचा हुकूम राज्यांना जात होता, नागरिकाला जात नव्हता. राज्याने तो झिडकारला तर त्याच्यावर सैन्य पाठवण्यापलीकडे इलाज उरत नाही आणि तसे करणे म्हणजे यादवीच. कर भरणारा, कायदा पाळणारा, न्याय मागणारा माणूस आणि मध्यवर्ती सरकार यांचा थेट संबंध हवा, हे त्यांनी ताडले.

२५ मे १७८७ रोजी सुरू झालेल्या परिषदेत एकूण ५५ प्रतिनिधी सहभागी झाले. ऱ्होड आयलंडने कोणालाच पाठवले नाही. जुन्या कराराला ठिगळे लावायला बोलावलेल्या या परिषदेने नवी राज्यघटनाच लिहिली. तेरांऐवजी ९ राज्यांच्या मंजुरीने ती अमलात येईल, असेही तिने ठरवले. हे जुन्या कराराच्या अक्षराविरुद्ध होते. पण एका राज्याच्या नकाराने बाकीच्या बारांना ओलीस धरण्याची सोय आणखी चालू ठेवणे देशाला परवडणारे नव्हते. २१ जून १७८८ रोजी न्यू हॅम्पशायरने नववा होकार दिला. ऱ्होड आयलंड १७९० च्या मे महिन्यात, ३४ विरुद्ध ३२ मतांनी, शेवटी आले.

नवी घटना निर्दोष नव्हती. १७८३ मध्ये काँग्रेसपुढे राज्यांचा कराचा हिस्सा लोकसंख्येवर ठरवण्याचा एक प्रस्ताव आला होता. त्यात पाच गुलाम म्हणजे तीन माणसे असा हिशेब धरला होता. एकमत न झाल्याने तो प्रस्ताव पडला, पण तोच हिशेब नव्या घटनेत प्रतिनिधींची संख्या ठरवण्यासाठी शिरला आणि गुलाम बाळगणाऱ्या राज्यांचे बळ त्याने वाढवले. ती जखम १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात फुटली.

बाकी कारभाराची घडी मात्र झपाट्याने बसली. नव्या काँग्रेसने ४ जुलै १७८९ रोजी आयात शुल्काचा कायदा केला. यादीत खास नोंद नसलेल्या मालावर त्यात ५ टक्के शुल्क होते, म्हणजे ऱ्होड आयलंडने सात वर्षांपूर्वी एकट्याने अडवले होते तेवढेच. केंद्राच्या खजिन्याचा बहुतांश भार पुढची कित्येक दशके बंदरांतल्या या उत्पन्नाने पेलला.

हा अनुभव भारताच्या संविधानकर्त्यांपुढेही होता. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा मांडताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्पष्ट केले की भारताचा संघ प्रांतांच्या आपसातल्या करारातून जन्मलेला नाही, त्यामुळे कोणत्याही घटकाला त्यातून फुटून निघण्याचा हक्क नाही. हीच गोष्ट सिद्ध करायला अमेरिकेला यादवी युद्ध लढावे लागले, याची आठवणही त्यांनी सभागृहाला दिली. भारतात राज्यांच्या अधिकारांना हात घालणाऱ्या घटनादुरुस्तीला निम्म्या राज्यांची संमती पुरते आणि सीमाशुल्काचा अधिकार सातव्या परिशिष्टातील संघसूचीत, ८३ व्या नोंदीत, संसदेला दिलेला आहे.